जुन्या भयपटांतला वेडा शास्त्रज्ञ: आधी दाराकडे पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नववी-दहावीला विज्ञान शिकवता. शाळेच्या विज्ञान मंडळात मुलांना जुने कृष्णधवल विज्ञान-भयपट दाखवावेत असं तुमच्या मनात आहे. पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात शास्त्रज्ञ वेडा निघतो आणि शेवटी त्याचं वाटोळं होतं. यातून मुलांना विज्ञानाची धास्ती बसेल का, आणि हे सिनेमे मुळातच विज्ञानविरोधी आहेत का?

मी गेली सव्वीस वर्षं चित्रपट रसास्वादाचे वर्ग घेतो आहे आणि हे सिनेमे शेकडो मुलांबरोबर बसून पाहिले आहेत. सुरुवातीला मीही फळ्यावर 'देवाच्या कामात ढवळाढवळ' असं लिहून चर्चा सुरू करत असे. काही वर्षांनी ते सोडलं, कारण त्या वाक्यापाशी चर्चा संपते. त्यानंतर मुलांना एकच गोष्ट सांगत आलो: शास्त्रज्ञाच्या डोळ्यांकडे, विस्कटलेल्या केसांकडे नंतर पाहा, आधी त्याच्या प्रयोगशाळेच्या दाराकडे पाहा. ते कोण बंद करतं, कोण ठोठावतं, उघडल्यावर काय होतं, एवढं नोंदवत गेलात तरी या सिनेमांना कशाची भीती वाटते ते हाती येतं. ज्ञानाची भीती त्यांत फार थोडी आहे. विचारणारं कोणी नसताना चाललेल्या कामाची मात्र खूप आहे.

'फ्रँकेन्स्टाइन'पासूनच बोलतो, कारण बाकीचे सगळे त्याच्या सावलीत उभे आहेत. युनिव्हर्सलचा १९३१ चा सिनेमा, दिग्दर्शक जेम्स व्हेल. हेन्री फ्रँकेन्स्टाइन झाला आहे कॉलिन क्लाइव्ह, आणि त्याने घडवलेला राक्षस बोरिस कार्लोफ. वादळी रात्र, जुना बुरूज, वर प्रयोगाची शेवटची तयारी. तेवढ्यात खाली दारावर थाप पडते. कुबडा मदतनीस फ्रिट्झ काठी टेकत जिना उतरतो, बाहेरच्यांना हाकलू पाहतो आणि परत चढताना मध्येच थांबून घसरलेला मोजा वर ओढतो. (व्हेलचं हे वैशिष्ट्य मला फार आवडतं. अंगावर काटा येण्याच्या ऐन क्षणी तो माणसाचा मोजा दाखवतो.) बाहेर हेन्रीची वाग्दत्त वधू एलिझाबेथ, मित्र व्हिक्टर आणि गुरू डॉ. वॉल्डमन पावसात उभे आहेत. नाइलाजाने त्यांना आत घ्यावं लागतं. व्हिक्टर त्याला वेडा म्हणतो, आणि तो शब्द कानावर पडल्यावर हेन्री त्यांना वर नेतो, खुर्च्यांवर बसवतो आणि म्हणतो, दृश्य छान जमलंय, एक वेडा माणूस आणि तीन अत्यंत शहाणे प्रेक्षक.

हा प्रसंग मुलांना दोनदा दाखवा. हेन्री इथे लपवत नाही, समजावून सांगतो. वॉल्डमनकडूनच तो अतिनील किरणांविषयी शिकला, पण त्या किरणांच्या पलीकडे आपण गेलो आहोत, असं तो गुरूला तोंडावर सांगतो. म्हणजे दावा आहे, साक्षीदार आहेत, शंका घेणारा ज्येष्ठ शास्त्रज्ञही समोर बसला आहे. सबंध सिनेमात हेन्री विज्ञानाच्या सर्वांत जवळ असतो तो या काही मिनिटांत. आणि पुढे एका शांत प्रसंगात तो वॉल्डमनला विचारतो, ढगांच्या नि ताऱ्यांच्या पलीकडे पाहावंसं तुम्हाला कधी वाटलं नाही का, झाडाला पालवी कशाने फुटते हे जाणावंसं वाटलं नाही का? क्लाइव्हने हे इतकं हळुवार म्हटलं आहे की वर्गातली हुशार मुलं त्या क्षणी त्याच्या बाजूची होतात. होऊ द्या. विज्ञानविरोधी सिनेमाने हे संवाद लिहिले नसते.

मग बिघडतं कुठे? राक्षस पहिल्यांदा पडद्यावर येतो. हेन्री छतातली झडप उघडतो, वरून उजेड येतो आणि कार्लोफ दोन्ही हात वर करून तो उजेड धरू पाहतो. तान्हं मूल दिव्याकडे हात करतं, अगदी तसा. वॉल्डमन घाबरून उजेड बंद करायला सांगतात आणि हेन्री झडप लावतो. माझ्या मते सिनेमातला गुन्हा इथे घडतो. त्यानंतर राक्षसाच्या वाट्याला तळघर, साखळ्या आणि फ्रिट्झची पेटती मशाल येते. हेन्री कोलमडतो, मग घरी जाऊन लग्नाच्या तयारीत रमतो, आणि जन्माला घातलेला जीव चिरफाड करण्यासाठी गुरूंच्या हाती सोडून देतो.

आपल्याकडे विश्वामित्राने त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी मांडल्याची कथा आहे. ती त्याने अहंकारातून, रागाच्या भरात मांडली, पण त्रिशंकूला वाऱ्यावर सोडलं नाही; आपलं तप खर्ची घालून त्याला आकाशात ठेवलं. हेन्रीने सृष्टी केली आणि पाठ फिरवली. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत तर हे जास्तच उघड आहे. तिथला व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपल्या निर्मितीचे डोळे उघडताच खोलीतून पळून जातो. तो जीव पुढे एकट्याने बोलायला शिकतो, मिल्टन आणि प्लूटार्क वाचतो, आणि मला का सोडलंस असा जाब विचारायला येतो. सिनेमाने त्याचं बोलणं काढून घेतलं आणि वर फ्रिट्झच्या हातून निरोगी मेंदूची बरणी फुटून गुन्हेगाराचा मेंदू आणला जातो, असा प्रसंग घातला. हा मला सिनेमातला सर्वांत कच्चा दुवा वाटतो. राक्षस मेंदूमुळेच वाईट निघाला असं मानलं की हेन्री अलगद सुटतो. मुलांना जरूर विचारा की बरणी फुटली नसती तर पुढचं टळलं असतं का.

विजेचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, पण मुलांना मुळं दाखवता येतील. गॅल्वानीने अठराव्या शतकाच्या अखेरीस बेडकाच्या मेलेल्या पायांत विजेने हालचाल घडवली. त्याचा भाचा अल्दिनी याने १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतावर तेच करून दाखवलं. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. मेरी शेलीने १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत अशा प्रयोगांच्या चर्चेचा उल्लेख केला आहे. मात्र प्रेतात प्राण नेमका कसा भरला, हे कादंबरीत ती सांगतच नाही. आपल्या डोळ्यांपुढे येणारी ती कडकडणारी यंत्रं सिनेमाची देणगी आहे आणि ती केनेथ स्ट्रिकफॅडन या विद्युत तंत्रज्ञाने जुळवली होती. त्या ठिणग्या खऱ्या होत्या. ही यंत्रं त्याने इतकी वर्षं जपून ठेवली की १९७४ च्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मध्ये तीच पुन्हा वापरता आली. आज कोणत्याही मुलाला 'वेड्या शास्त्रज्ञाची खोली काढ' म्हटलं तर ते नकळत स्ट्रिकफॅडनचीच खोली काढतं.

आता दाराचा धागा मागे नेतो. स्टीव्हन्सनच्या १८८६ च्या 'जेकिल आणि हाइड'च्या पहिल्या प्रकरणाचं नावच 'दाराची गोष्ट' आहे. त्यातला सभ्य डॉ. जेकिल स्वतः बनवलेलं औषध पिऊन दुष्ट हाइड होतो. जेकिलच्या घराला पुढे प्रतिष्ठेचं दार, आणि मागे प्रयोगशाळेचं कळकट दार, ज्यातून हाइड ये-जा करतो. रूबेन मामुलियनच्या १९३१ च्या रूपांतरात फ्रेडरिक मार्चला ऑस्कर मिळालं. तुमच्या वर्गासाठी त्यातली एक गंमत प्रकाशाच्या धड्यात बसेल. चेहऱ्यावर रंगीत रंगभूषा केली होती आणि कॅमेऱ्यासमोर रंगीत गाळण्या होत्या. फिल्म कृष्णधवल असल्याने गाळणी बदलताच आधी न दिसणाऱ्या रेषा चेहऱ्यावर उमटत गेल्या. कट न घेता माणूस बदलला.

त्याही आधीचा, १९२७ चा, फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस'. त्यातला रोटवांग हा या सगळ्यांचा थोरला भाऊ: विस्कटलेले केस, काळा हातमोजा घातलेला कृत्रिम हात. गगनचुंबी शहराच्या मधोमध त्याचं बुटकं, जुनाट घर आहे आणि त्या घराची दारं आपोआप उघडतात, आपोआप मिटतात. तरुण नायक आत शिरतो आणि एकेक दार मागे बंद होत जातं. पण या सिनेमाची खरी शिकवण पडद्याबाहेर घडली. रोटवांगचं ज्या स्त्रीवर प्रेम होतं ती, हेल, शहराच्या सत्ताधीशाशी लग्न करते आणि बाळंतपणात जाते. रोटवांग यंत्रमानव घडवतो तो तिला परत मिळवण्यासाठी. त्यात त्याने एक हात गमावला आहे. अमेरिकेत प्रदर्शित करताना हेलचा भाग कापला गेला, कारण ते नाव इंग्रजीतल्या नरकाच्या शब्दासारखं ऐकू येतं. मग कित्येक दशकं जगाने पाहिला तो दुःखाचं कारण कापून काढलेला रोटवांग, म्हणजे निव्वळ वेडा. २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सला जुनी, जवळपास संपूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये पुनर्रचित सिनेमा दाखवला गेला. हेलच्या स्मारकापुढे उभा असलेला रोटवांग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गलबललो. आमच्या कितीतरी सत्रांत मी त्याला 'सत्तेचा हस्तक' म्हणून मोकळा झालो होतो. वेडा शास्त्रज्ञ दिसला की त्याच्या गोष्टीतून काही कापलं गेलं आहे का, हे तेव्हापासून मी तपासतो.

'द इन्व्हिजिबल मॅन' (१९३३) मध्ये उलट घडलं, तिथे कारण जोडलं गेलं. एच. जी. वेल्सच्या कादंबरीतला ग्रिफिन अदृश्य होण्याआधीपासून निर्ढावलेला आहे. सिनेमात पटकथेने 'मोनोकेन' नावाचं काल्पनिक औषध आणलं, ज्याने डोकं फिरतं. म्हणजे औषध वाईट, माणूस बिचारा. मला हा बदल पटत नाही, पण सिनेमा मुलांना दाखवाच. क्लॉड रेन्सचा चेहरा शेवटच्या क्षणांपर्यंत दिसत नाही, निव्वळ आवाजावर त्याने भूमिका पेलली आहे. आणि रेन्सला काळ्या मखमलीत गुंडाळून काळ्या मखमलीच्या पार्श्वभूमीवर चित्रित करून दृश्यचमत्कार घडवणाऱ्या जॉन फुल्टनने जे साधलं, ते आजही मुलांना अवाक करतं.

वेल्सच्याच १८९६ च्या कादंबरीवरचा 'आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स' (१९३२) मात्र शाळेत दाखवू नका. स्वतः पाहा. त्यातला शास्त्रज्ञ डॉ. मोरो अख्खं बेटच घेऊन बसला आहे. समुद्र हेच त्याचं बंद दार. जनावरांना भूल न देता चिरून तो माणसासारखे जीव बनवतो आणि त्या खोलीला ते जीव 'यातनाघर' म्हणतात. चार्ल्स लॉटनने मोरो गुबगुबीत, गोड बोलणारा, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला केला आहे. तो ओरडत नाही, म्हणून जास्त भीती वाटते. देव झाल्यासारखं वाटणं म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे का, असं तो पाहुण्याला विचारतो, पाहुणचार करावा त्या सहजतेने. त्याने या जीवांना कायदा शिकवला आहे: रक्त सांडायचं नाही. मग एक दिवस सोयीसाठी तोच त्यांतल्या एकाला माणसाचा खून करायला पाठवतो. कायदा देणाऱ्यानेच कायदा मोडला हे त्या जीवांना कळतं आणि ते त्याला त्याच्याच यातनाघरात ओढत नेतात, त्याच्याच शस्त्रांपाशी. ब्रिटनमध्ये हा सिनेमा १९५८ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही, आणि तेव्हाही कात्री लागूनच. यामागे खरा वाद होता. जिवंत प्राण्यांवरच्या प्रयोगांवर नियंत्रण आणणारा कायदा ब्रिटनमध्ये १८७६ मध्येच झाला होता, आणि वेल्स स्वतः टी. एच. हक्स्लीच्या हाताखाली जीवशास्त्र शिकलेला. तो विज्ञानाचा शत्रू नव्हता. आतल्या माणसाने घेतलेली ती शंका होती.

महायुद्धानंतर वेड कमी झालं, चूक वाढली. 'द फ्लाय' (१९५८) मधला आंद्रे प्रेमळ नवरा आहे, बाप आहे. वस्तू एका पेटीतून अदृश्य करून दुसऱ्या पेटीत उमटवणारं यंत्र त्याने घरच्या तळघरात बनवलं आहे. पहिल्या चाचणीत रक्षापात्रावरची अक्षरं उलटी उमटतात. मग घरचं मांजर नाहीसं होतं आणि हवेत फक्त त्याचं म्यांव घुमत राहतं. तो दुरुस्त्या करत जातो आणि एका रात्री कोणालाही न सांगता स्वतः पेटीत शिरतो. बरोबर एक माशी असते, आणि दोघांची शरीरं एकमेकांत मिसळतात. पुढे दार आतून बंद. बायकोशी बोलणं दाराखालून सरकवलेल्या चिठ्ठ्यांनी आणि ठोक्यांनी. तुमच्या मुलांशी प्रयोगपद्धतीवर बोलायला याहून चांगला सिनेमा मला माहीत नाही. निष्काळजी म्हणावा असा हा माणूस नाही. त्याला फक्त 'थांब, पेटी आधी तपासली का?' असं म्हणणारा सहकारी नव्हता.

इथे या सिनेमांविषयीची माझी एक गंभीर तक्रार नोंदवतो. 'आयलंड ऑफ लॉस्ट सोल्स' आला त्याच १९३२ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, टस्कीगी इथे, सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास सुरू केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. आजाराचं नाव त्यांना सांगितलं नाही, 'रक्त खराब आहे' एवढंच सांगितलं. आणि पुढे पेनिसिलिन हा सर्रास वापरला जाणारा उपचार झाल्यावरही ते दिलं नाही. हे १९७२ पर्यंत, चाळीस वर्षं चाललं. तिथे बुरूज नव्हता, कडाडणारी वीज नव्हती, विस्कटलेल्या केसांचा कोणी नव्हता. पगारी डॉक्टर होते, फायली होत्या, आणि निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापले जात होते. ते दार उघडं होतं, वाचणारे वाचत होते आणि पुढे जात होते. अखेर वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा ते थांबलं. वेडा शास्त्रज्ञ एकटा असतो आणि ओळखू येतो, ही या सिनेमांनी घातलेली सवय धोक्याची आहे. मुलांशी हे बोलल्याशिवाय चर्चा अर्धवट राहील असं मला मनापासून वाटतं. तसा सिनेमा शोधायचा तर फ्रान्सच्या जॉर्ज फ्रांजूचा 'आइज विदाउट अ फेस' (१९६०) त्याच्या जवळ जातो. त्यातला सर्जन सभांत व्याख्यानं देणारा मान्यवर आहे आणि स्वतः घडवलेल्या अपघातात मुलीचा गेलेला चेहरा परत आणायला परक्या मुलींचे चेहरे सोलून घेतो. पण तो फक्त मोठ्यांसाठी.

आणि आता ज्या शास्त्रज्ञासाठी तुम्ही ही मालिका करावी, तो. जपानचा 'गोजिरा' (म्हणजेच गॉडझिला), दिग्दर्शक इशिरो होंडा, नोव्हेंबर १९५४. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटावरच्या अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ खलाशांवर पडली होती. सिनेमा त्या जखमेतून आला: बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला समुद्रातला महाकाय प्राणी गोजिरा तोक्यो उद्ध्वस्त करतो. त्यातल्या डॉ. सेरिझावाकडे वेड्या शास्त्रज्ञाची सगळी लक्षणं आहेत: युद्धात गेलेल्या डोळ्यावर काळी पट्टी, तळघरात प्रयोगशाळा, एकांत. तो आपल्या वाग्दत्त वधूला, एमिकोला, विश्वासाने आत नेतो. माशांच्या टाकीत एक छोटी गोळी टाकतो आणि पाण्यातला प्राणवायू नष्ट होऊन माशांचे सांगाडे उरतात. ती किंचाळते. कोणाला सांगणार नाही असं वचन तो तिच्याकडून घेतो.

पुढे उद्ध्वस्त तोक्योतली जखमी मुलं पाहून एमिको ते वचन मोडते. मी दाखवलेल्या सगळ्या सिनेमांत दार आतून नव्हे, बाहेरून आणि मायेपोटी उघडलं जातं ते इथे. सेरिझावा सुरुवातीला ठाम नकार देतो. हे एकदा वापरलं की राज्यकर्ते त्याचं अस्त्र करतील, हे त्याला स्वच्छ दिसतं. मग दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलींची प्रार्थना ऐकून तो तयार होतो, आणि आधी आपल्या सगळ्या टिपणांना आग लावतो. समुद्राच्या तळाशी गोजिरासमोर यंत्र सुरू करून तो बरोबर उतरलेल्या ओगाताला, एमिकोच्या प्रियकराला, वर पाठवतो आणि स्वतःची दोरी कापतो. सूत्र कागदावर उरू नये म्हणून कागद जाळले, डोक्यात उरू नये म्हणून स्वतःला संपवलं. त्याने बरोबर केलं का, यावर माझ्या वर्गात दरवर्षी भांडण होतं आणि मी ते मिटवत नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला त्याचा निर्णय पटत नाही, पण तो घेताना त्याने जितका विचार केला तितका हेन्रीने आणि मोरोने मिळून केला नव्हता.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा सुचवतो: 'फ्रँकेन्स्टाइन', 'द इन्व्हिजिबल मॅन', 'द फ्लाय', शेवटी 'गोजिरा', आणि तो मूळ जपानीच, उपशीर्षकांसह. 'द फ्लाय'चा शेवट तुम्ही आधी पाहून घ्या. दहावीला चालेल, त्याखाली नको. 'फ्रँकेन्स्टाइन'ची प्रत संपूर्ण आहे ना, ते तपासा. जुन्या सेन्सॉरने तळ्याकाठचा छोट्या मारियाचा प्रसंग कापला होता. राक्षसाला वाटतं, पाण्यावर फुलं तरंगतात तशी मुलगीही तरंगेल. ते कापल्यामुळे प्रेक्षकांना दिसला फक्त तिच्याकडे जाणारा त्याचा हात, आणि मग बापाच्या हातांवरचं प्रेत. निरागस चूक कात्रीने भलतीच भयानक करून ठेवली. आता मिळणाऱ्या चांगल्या प्रतींत तो प्रसंग पूर्ण आहे.

सिनेमा सुमारे ७० मिनिटांचा आहे, दोन तासिकांत बसतो. खोली पूर्ण अंधारी करा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या नामावलीखेरीज त्याला पार्श्वसंगीत नाही, म्हणून आवाज नीट ठेवा. पाऊस ऐकू येईल, यंत्रांची करकर ऐकू येईल आणि मग खाली दारावर पडलेली थाप. तिथे थांबवा, आणि हेन्रीने दार उघडावं का, हे मुलांना वहीत लिहायला सांगा. पुढचा सिनेमा त्यानंतर.